सामाईक बेटाच्या चोरीबद्दल किल्लीवाल्याचा जबाब

मी खाली सही करणार, गल्लीत आणि धंद्यात ‘किल्लीवाले’ म्हणून ओळखला जाणारा, वय ५३ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा कुलूप-किल्ली बनवणे व दुरुस्ती, दुकान बसथांब्यासमोरच्या ओळीत तिसरं, राहणार त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर. आज शनिवार दिनांक १४ रोजी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, अंमलदार बाईंनी विचारल्याप्रमाणे सांगतो ते पुढीलप्रमाणे. या जबाबाची एक प्रत माझ्या मुलीकडे जायची आहे, म्हणून त्यात कोणाचंच नाव घालू नये अशी मी विनंती केली. नावं वेगळ्या कागदावर दिली आहेत.

मी एकटा राहतो. माझी पत्नी आणि मी सात वर्षांपूर्वी कायद्याने वेगळे झालो. आम्हाला एकच मुलगी. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, आता अठराची आहे, आईबरोबर दुसऱ्या शहरात राहते आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वेगळे होण्याचं कारण विचारल्यावरून सांगतो की, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, माझं तोंड.

न्यायालयाने मुलीला महिन्यातून दोनदा भेटण्याची मुभा दिली होती. सहा भेटी झाल्या. एका बागेतल्या बाकावर मी एका टोकाला बसायचो, ती दुसऱ्या टोकाला, आणि तिची आई फाटकापाशी उभी राहून घड्याळ बघायची. आम्हाला बोलायला काही सुचत नसे. सहाव्या भेटीत मुलीने माझा मोबाईल मागून घेतला आणि त्यात एक खेळ घालून दिला. त्यानंतर प्रत्यक्ष भेटी आपोआप बंद पडल्या. सदर खेळात रोज संध्याकाळी सहा ते सात भेटायचं ठरलं. चोरी होईपर्यंतच्या सात वर्षांत माझ्याकडून नऊ दिवस चुकले, त्यातले सहा मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. फोनवर आम्ही बोलत नाही. बोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही.

खेळाची माहिती विचारल्यावरून सांगतो की, त्यात समुद्र असतो आणि बेटं असतात. प्रत्येकाचं एक खातं असतं, खात्याला नाव आणि पासवर्ड असतो. खेळता खेळता एकमेकांना लिहून बोलताही येतं. दोन खेळाडू मिळून एक सामाईक बेट घेऊ शकतात. असं बेट दुसऱ्या कोणाला द्यायचं झालं तर दोघांनीही ‘होय’ दाबावं लागतं. एकट्याला देता येत नाही. अशी बांधलेली बेटं लोक पैसे मोजून विकत घेतात. मुलीचं आणि माझं असं एक बेट होतं. त्यावर आम्ही एक धक्का, एक लाकडाची वखार, बत्तीस घरं आणि एक दीपगृह बांधलं. दीपगृहाला एकशे चौदा पायऱ्या आहेत. एक पायरी तिने लावायची, एक मी. बत्तीस घरांत कोणी राहत नाही. ती कशाला बांधली हे मी तिला विचारलं नाही.

साहेब मधे येऊन गेले. त्यांनी ‘हे बेट कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं?’ असं विचारलं. बाकावर बसलेले दोन इसम हसले. मी हसलो नाही. गेलेल्या मालाच्या किमतीचा रकाना आहे, तो रिकामा ठेवावा. मला बेट परत नको आहे. मला एवढंच लेखी हवं आहे की, या महिन्याच्या ४ तारखेपासून ८ तारखेपर्यंत माझ्या नावाने माझ्या मुलीशी जो बोलत होता तो मी नव्हतो. हा कागद नाही मिळाला तर माझी मुलगी पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तसं तिने कळवलं आहे, ते पुढे सांगतो.

पासवर्डबद्दल विचारल्यावरून सांगतो की, माझा सगळीकडे एकच पासवर्ड होता. मेलला तोच, वीजबिल भरायला तोच, खेळाला तोच. आमच्या धंद्यात मास्टर-की म्हणून प्रकार असतो. मोठ्या इमारतीत साठ दारं असली तरी एका किल्लीने सगळी उघडतील अशी कुलपं बसवायची. हे काम या भागात फक्त मला जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे. त्याच हिशेबाने मी स्वतःला एक किल्ली करून घेतली, दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन-चार. मास्टर-की ज्याच्या हातात जाईल त्याला साठही दारं उघडी होतात, हे मी गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी बजावून सांगतो.

आणखी एक बाब सांगायची राहिली. दुकानात किल्ली घासून होईपर्यंत गिऱ्हाईक अर्धा-पाऊण तास ताटकळतं, म्हणून मी त्यांच्यासाठी वायफाय ठेवलं आहे. त्याचा पासवर्ड पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून काऊंटरवर लावला होता. तोही हाच. अंमलदार बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, ‘काका, तुम्ही कुलपांचा धंदा करता ना?’ होय, मी सत्तावीस वर्षं कुलपांचा धंदा करतो. माझ्या शटरला तीन कुलपं आहेत आणि तिन्ही वेगळ्या बनावटीची आहेत. दिव्याखाली अंधार असं लिहायचं असेल तर लिहा.

खात्याला दुसरं कुलूपही लावता येतं. पासवर्ड टाकल्यावर मोबाईलवर सहा आकडे येतात, ते टाकल्याशिवाय दार उघडत नाही. ती सोय फुकट आहे. मी ती चालू केली नव्हती. पासवर्ड बदला किंवा ही सोय चालू करा असं तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का, असं विचारल्यावरून सांगतो की, नाही, कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवार दिनांक ३ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक अनोळखी इसम कपाटाच्या किल्लीची नक्कल करून घ्यायला आला. वय अंदाजे पंचवीस ते तीस, अंगाने सडपातळ, बोलायला अत्यंत गोड. किल्ली जुन्या बनावटीची असल्याने वेळ लागला. सहा वाजले तसं मी हात पुसले आणि त्याला पंधरा मिनिटं थांबायला सांगून खेळ उघडला. तो काऊंटरवर वाकून बघू लागला. म्हणाला, ‘काका, हे दीपगृह तुम्ही बांधलंत? मी एवढं उंच कोणाचंच पाहिलं नाही.’ मी त्याला पायऱ्या दाखवल्या. धक्का दाखवला. मुलीबरोबर खेळतो हेही सांगितलं. तो म्हणाला, ‘नशीबवान आहे तुमची मुलगी.’ माझ्या खात्याचं नाव पडद्यावर वरच दिसतं आणि पुठ्ठा त्याच्या कोपराजवळ होता.

धंद्याचा नियम असा आहे की, नक्कल करून घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर वहीत लिहून सही घ्यायची, म्हणजे उद्या चोरी झाली तर किल्ली कोणी केली हे कळतं. सत्तावीस वर्षांत मी हा नियम मोडला नाही. ओळखीच्या डॉक्टरांचीसुद्धा सही घेतो. त्या दिवशी वहीत नोंद नाही. त्याने कौतुक केलं आणि मी वही काढायला विसरलो. माझा संशय त्याच्यावर आहे, पण मी त्याला खात्यात शिरताना पाहिलेलं नाही. दुकानातला कॅमेरा दीड वर्षापासून बंद आहे, गिऱ्हाइकांना वचक राहावा म्हणून टांगून ठेवला आहे.

बुधवार दिनांक ४ रोजी संध्याकाळी ६ वाजता मी खेळ उघडला तर पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. तीनदा टाकला. मग मेल उघडून पाहिला, तर तोही उघडेना. मला वाटलं, यंत्रात काहीतरी बिघाड आहे. शेजारचा घड्याळजी म्हणाला, ‘अहो, मुलीला एक फोन लावा की.’ मी लावला नाही. तो का लावला नाही, असं अंमलदार बाईंनी दोनदा विचारलं. सात वर्षं मी सहा वाजता तिथे असतो. मी दिसलो नाही तर आता तिने करावा फोन, असं मला वाटलं. गुरुवारी वाटलं, शुक्रवारीही वाटलं. शनिवारी मला तिचा राग यायला लागला. रविवारी सहा ते सात मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून होतो, मोबाईल समोर ठेवून. तिने फोन केला नाही. तिला मी रोज दिसत होतो, सहा वाजता, नेहमीच्या जागी.

सोमवार दिनांक ९ रोजी दुपारी १ वाजता माझ्या पूर्वीच्या पत्नीचा फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा. झालेलं बोलणं आठवेल तसं सांगतो. ती म्हणाली, ‘काय बोललात तिला?’ मी म्हणालो, ‘मी काहीच बोललो नाही, माझं खातं बंद पडलंय.’ ती म्हणाली, ‘काम झालं, आता येऊ नकोस, असं लिहिलंत तुम्ही. काल सगळं बेट तिच्याकडून काढून घेतलंत आणि तिला हाकलून दिलंत.’ मी म्हणालो, ‘तो मी नव्हतो. कोणीतरी माझ्या खात्यात शिरलं असणार.’ त्यावर ती हसली. म्हणाली, ‘लग्नात पण असंच होतं. बोलायचे तुम्ही आणि निस्तरायला दुसरा कोणीतरी जबाबदार. जित्याची खोड आहे ती.’ मी म्हणालो, ‘तिला संशय कसा आला नाही?’ ती म्हणाली, ‘संशय येण्यासारखं त्यात काही नव्हतं.’ आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी मुलीला एकोणीस वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. संध्याकाळी तिचा संदेश आला, तो मोबाईलमध्ये आहे आणि अंमलदार बाईंनी पाहिला आहे. मजकूर असा: ‘बाबा, तुम्ही म्हणता तो दुसरा कोणी होता. असेल. पोलिसांकडून तसं लेखी आणा. नुसतं तुमच्या तोंडचं आता मला नको.’ म्हणून मी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ठाण्यात आलो.

मंगळवारी मला सांगण्यात आलं की, आधी खेळाच्या कंपनीला कळवा. मी कळवलं. अंमलदार बाईंनीही ठाण्याच्या मेलवरून पत्र पाठवलं. गुरुवारी कंपनीने खातं मला परत दिलं आणि सात वर्षांचं सगळं लेखी संभाषण ठाण्याला पाठवलं. सोबत लिहिलं की, ४ तारखेला ५ वाजून ४० मिनिटांनी खातं एका वेगळ्याच मोबाईलवरून उघडलं गेलं, पासवर्ड एकाच प्रयत्नात बरोबर आला आणि लगेच बदलला गेला. मेलचाही. ८ तारखेला ६ वाजून २० मिनिटांनी माझ्या मुलीने ‘होय’ दाबलं आणि ६ वाजून २१ मिनिटांनी बेट तिसऱ्याच एका खात्याला देण्यात आलं. दोन्ही मालकांच्या संमतीने झालेला व्यवहार परत फिरवता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. ते तिसरं खातं त्याच दिवशी बंद झालं.

आता प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड केला आहे, लांबलचक, त्यात ना दुकानाचं नाव आहे ना एक-दोन-तीन-चार. सहा आकड्यांची सोय चालू केली. त्याला दोन मिनिटं लागली. पुठ्ठा काढला. घड्याळजी म्हणाला, ‘बैल गेला नि झोपा केला.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याच्या दुकानाचाही पासवर्ड त्याच्या दुकानाचं नावच आहे, हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं.

जबाब इथपर्यंत लिहून झाल्यावर अंमलदार बाईंनी सांगितलं की, असा दाखला हवा असेल तर नेमकी कुठली वाक्यं माझी नाहीत हे आधी ठरवावं लागेल. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर त्यांनी मागच्या दोन महिन्यांच्या संभाषणातून माझ्या खात्यावरून गेलेली चोवीस वाक्यं स्वतःच्या हाताने उतरवली होती. तारखा लिहिल्या नव्हत्या आणि क्रमही मुद्दाम मोडला होता. म्हणाल्या, ‘माणसांची ओळख परेड होते ना, तशी ही वाक्यांची समजा. जे तुमचं नाही त्यावर फुली मारा.’ मी म्हणालो, ‘त्यात काय अवघड आहे, बापाला आपलं बोलणं कळत नाही होय?’ असं मी म्हणालो हे लिहून घ्यावं.

मी चष्मा लावून कागद नीट वाचला. घाई केली नाही. सतरा वाक्यांवर फुली मारली. ‘दे म्हटलं की द्यायचं.’ फुली. ‘बेट माझं आहे, तुला दया म्हणून ठेवलंय.’ फुली. ‘सात वर्षं तुझ्यापायी वाया गेली.’ फुली. ‘तुझी अक्कल तुझ्या आईकडे ठेव.’ फुली. ‘काय दिवे लावलेस ते कळलं.’ फुली. ‘रडायचं असेल तर येत जाऊ नकोस.’ फुली. ‘काम झालं, आता येऊ नकोस.’ फुली. ‘तू नसलीस तरी काही अडत नाही.’ फुली. मी अंमलदार बाईंना म्हणालो, ‘बघा, कसल्या तोंडाचा नीच माणूस आहे हा. पोरीच्या वयाचा तरी विचार करायचा.’ उरलेली सात वाक्यं मी माझी म्हणून ठेवली. ‘लाकूड आणलं.’ ‘उद्या सहाला.’ ‘वारा सुटलाय, होडी बांध.’ ‘आजची पायरी तुझी.’ अशी ती होती, शिवाय ‘जेवलीस का?’ हे एक.

अंमलदार बाईंनी माझा कागद घेतला आणि कंपनीकडून आलेल्या संभाषणाशी एकेक वाक्य ताडून पाहिलं. त्याला वीसेक मिनिटं लागली. मग त्यांनी शिपायाला बाकावरच्या दोन इसमांना बाहेर बसवायला सांगितलं आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

ताडून पाहिलं असता असं निघालं की, मी फुली मारलेल्या सतरा वाक्यांपैकी अकरा ४ ते ८ तारखेच्या दरम्यानची आहेत. ती त्या इसमाची. उरलेली सहा त्याआधीची आहेत, तेव्हा खातं माझ्याच हातात होतं. ती सहा वाक्यं माझी आहेत. हे आधी मला मान्य नव्हतं. मी म्हणालो, त्याने आधीही खातं उघडलं असेल. बाईंनी मोबाईलचा क्रमांक दाखवला, तो माझ्याच मोबाईलचा आहे. वेळही सहा ते सातच्या मधलीच आहे.

‘काय दिवे लावलेस ते कळलं’ हे मी मागच्या महिन्याच्या २१ तारखेला लिहिलं. तिने एका विषयात नापास झाल्याचं मला सांगितलं होतं. आईला अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला सांगते आहे, असंही लिहिलं होतं. ‘रडायचं असेल तर येत जाऊ नकोस’ हे २२ तारखेचं. ‘तुझी अक्कल तुझ्या आईकडे ठेव’ हे त्याच महिन्याच्या १२ तारखेचं. त्याच्या वर मुलीचा मजकूर आहे, तो बाईंनी वाचून दाखवला: ‘बाबा, तुमचा पासवर्ड कोणीही ओळखेल असा आहे. बदला ना. आणि आकड्यांची सोय चालू करा, दोन मिनिटांचं काम आहे, हवं तर मी फोन करून सांगते कसं ते.’ तेव्हा मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, असं जे मी वर लिहून दिलं ते खोटं आहे. मुलीने सांगितलं होतं. फोन करते असंही म्हणाली होती. हे माझ्या लक्षात नव्हतं.

सहाही वाक्यांखाली मुलीचं उत्तर एकच आहे, ‘बरं बाबा.’ त्या इसमाच्या अकरा वाक्यांपैकी आठांखालीही तेच आहे. बाईंचं मत असं की, त्याने आत शिरल्यावर आधी मागचं सगळं वाचून काढलं असावं आणि माझी बोलण्याची ढब उचलली असावी. मी विचारलं, ‘याला किती वेळ लागला असेल?’ त्या म्हणाल्या, ‘फार नसेल लागला, काका.’

मात्र बेटाच्या बाबतीत मुलीने त्याचं ऐकलं नाही, हे मला नमूद करायचं आहे. चार दिवस तो धमकावत होता. तिने दर वेळी लिहिलं, ‘नको बाबा, ते आपलं दोघांचं आहे.’ एकदा लिहिलं, ‘माझं बाकी सगळं घ्या, बेट नको.’ त्याने शिव्या दिल्या तरी तिने ‘होय’ दाबलं नाही. तेव्हा मी विचारलं, ‘मग रविवारी का दाबलं?’

अंमलदार बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. रविवार दिनांक ८, संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटं. माझ्या खात्यावरून मजकूर: ‘जेवलीस का?’ मी म्हणालो, हे चुकलंय, हे माझं आहे, मी माझं म्हणून ठेवलंय. बाई म्हणाल्या, ‘तारीख बघा.’ त्याच्या खाली मुलीचा मजकूर आहे. तो असा: ‘हो बाबा. तुम्ही? आज दुपारी कॉलेजातून उशिरा आले, आईने ठेवलं होतं ते गरम करून खाल्लं. तुम्ही एकटे असता, वेळेवर जेवता ना? मला खूपदा विचारायचं असतं, पण राहून जातं. बाबा, तुम्हाला बेट का हवंय ते मला नाही कळलं, पण हवंच असेल तर घ्या. असंच बोलत जा फक्त.’ सात वर्षांत तिचा एवढा मोठा मजकूर मी पाहिलेला नाही. ६ वाजून २० मिनिटांनी तिने ‘होय’ दाबलं.

मी बाईंना म्हणालो की, हे वाक्य त्याने माझ्याच जुन्या बोलण्यातून उचललं असणार, मी हे नक्की केव्हातरी लिहिलेलं असणार, कोणताही बाप लिहितो. सात वर्षांचं सगळं तुमच्याकडे आहे, शोधा. बाईंनी ते वाक्य टाकून शोधलं. एकदाच सापडलं, ८ तारखेचं. मी म्हणालो, ‘जेवण’ टाकून बघा. त्यांनी टाकलं. मग मी ‘भूक’ म्हणालो. मग ‘तब्येत’ म्हणालो. त्यांनी सगळं टाकून पाहिलं. माझ्या खात्यावरून काही निघालं नाही. मुलीच्या बाजूने ‘तब्येत’ एकेचाळीस वेळा निघालं, त्यातलं बरंचसं माझ्या ऑपरेशनच्या वेळचं आहे. मी आणखी एक शब्द सांगणार होतो. बाई म्हणाल्या, ‘काका, पुरे.’

दाखल्याबद्दल अंमलदार बाईंनी असं सांगितलं की, ४ ते ८ तारखेच्या दरम्यान हे खाते तक्रारदाराच्या ताब्यात नव्हते आणि त्या काळातली वाक्यं तक्रारदाराची नाहीत, असं लेखी देता येईल. त्याआधीच्या वाक्यांबद्दल ठाण्याला काही देता येणार नाही. मी विचारलं, सहा वाक्यं गाळून बाकीचा कागद देता येईल का? त्या म्हणाल्या, देता येईल. नुसता दाखला द्यायचा, जबाबाची प्रत जोडायची नाही, मुलीला जेवढं हवं तेवढं तेवढ्यात येतं.

मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. विचार करून सांगतो की, दाखल्याला हा जबाब पूर्ण जोडावा आणि चोवीस वाक्यांचा तो कागद माझ्या फुल्यांसकट जोडावा. अनोळखी इसमाविरुद्ध माझी तक्रार कायम आहे. यावर मुलीने काय ठरवायचं ते तिने ठरवावं.

हा जबाब अंमलदार बाईंनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसंच त्यात उतरलं आहे, कुठे वाढवलेलं नाही आणि मी खोडा म्हणालो तरी कुठे खोडलेलं नाही. चोवीसपैकी बारा वाक्यं माझी आहेत. बारा त्या इसमाची आहेत, त्यात ‘जेवलीस का?’ हे त्याचं आहे. हे बरोबर आहे म्हणून सही करतो.